नीलकंठ हा कावळ्याच्या कुळांतला काय?

गेल्या वर्षीं दसऱ्यानंतर आठ-दहा दिवसांनीं नांदगांव तालुक्यांतील आमच्या शिवारांत सामाईक बांधावरचें एक वाळलेलें निंबाचें झाड पाडण्यांत आलें. चार वर्षांपासून त्यास पालवी फुटली नव्हती. सरपणास तें चांगलें होतें हें खरें, परंतु तें पाडण्याचें कारण सरपण हें नव्हतें. शेजारच्या मक्याचीं कणसें पांखरांनीं फोडलीं होतीं. शेजाऱ्यांचे चिरंजीव नाशिकास कॉलेजांत शिकतात. त्यांनीं सांगितलें कीं, या निंबाच्या ढोलींत जो नीलकंठ राहतो त्यास इंग्रजींत ‘ब्लू जे’ म्हणतात. ‘जे’ हा पक्षी कावळ्याच्या कुळांतला, असें पुस्तकांत दिलें आहे. आणि कावळ्याचें कुळ म्हणजे चोरांचें कुळ. तेव्हां कणसें कोणी फोडलीं हें निराळें शोधण्याचें कारण उरलें नाहीं. हें अनुमान ऐकण्यास इतकें सरळ होतें कीं, त्यास उत्तर देण्याजोगें माझ्याजवळ कांहीं नव्हतें. उलट झाड पाडतांना एका बाजूचा दोर मींच धरला होता.

दसऱ्याच्या दिवशीं नीलकंठाचें दर्शन शुभ मानण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. आमच्याकडेही सोनें लुटून परततांना म्हातारीं माणसें तारेवर बसलेला नीलकंठ मुलांना बोट करून दाखवितात. त्याच पक्ष्याचें घर आठ दिवसांच्या आंत आम्हीं सरपणांत घातलें. पुढें चैत्रांत ती जोडी परत आली. झाडाच्या जागीं हातभर खुंट उरला होता. त्याच्या आसपास दोन-तीन दिवस दोघांचें ओरडणें चाललें होतें. नंतर तीं दिसेनाशीं झालीं. शिक्षेपूर्वीं जी चौकशी व्हावयास हवी होती ती निदान मागाहून तरी करावी, असें त्या वेळीं मनांत आलें. तिच्यांत जें हातीं लागलें तें आमच्या शेतकरी बंधूंपुढें ठेवतों, कारण हा ‘ब्लू जे’चा घोटाळा एकट्या आमच्या बांधावरचा नाहीं. तो अडीचशें वर्षांहून जुना आहे, आणि त्यांत मोठमोठे पंडितही सांपडलेले आहेत.

प्रथम हा ‘जे’ म्हणजे कोण तें पाहूं. या पक्ष्यास रूढ असें मराठी नांव नाहीं, कारण तो आपल्या मुलखांत होतच नाहीं. हिंदुस्थानांत त्याच्या दोन जाती प्रसिद्ध आहेत, आणि त्या दोन्ही हिमालयांत, बांज नांवाच्या ओक वृक्षांच्या रानांत राहतात. एक अंगानें तांबूस-गुलाबी; ही जात यूरोपपासून जपानपर्यंत पसरलेली आहे. दुसरीचें डोकें काळें व त्यावर थोडा तुरा. ती पश्चिम हिमालयांतली. दोहोंच्याही पंखांवर निळ्या-काळ्या बारीक पट्ट्यांचा एक लहानसा तुकडा असतो, आणि उडतांना तो चमकतो. या एवढ्याशा निळ्या तुकड्यावरूनच पुढचा सारा घोळ झाला असावा, अशी माझी समजूत आहे. इंग्रज माणूस आपल्या देशांतला ‘जे’ पाहून आलेला. येथें आल्यावर त्यानें पंख उघडलेला नीलकंठ पाहिला, आणि आकार साधारण तितकाच, आवाज तसाच कर्कश, निळाई मात्र दसपट, असें पाहून त्यानें त्यास निळा ‘जे’ म्हटलें. वेरूळचीं लेणीं पाहण्यास जाणारे प्रवासी, मनमाडाहून औरंगाबादेकडे (म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराकडे) रेल्वे होण्यापूर्वीं, आमच्या नांदगांव स्टेशनावर उतरत व पुढें टांग्यानें घाट चढत. रेल्वेच्या तारांवर ओळीनें बसलेले हे पक्षी त्यांपैकीं कित्येकांनीं पाहिले असतील, आणि ‘ब्लू जे’ म्हणूनच ते त्यांच्या ध्यानांत राहिले असतील. अमेरिकेंत खऱ्या ‘जे’ची एक निळी जात आहे व तिचेंच नांव ‘ब्लू जे’. ती खरोखर कावळ्याच्या कुळांतली आहे. शेजाऱ्यांच्या चिरंजीवांनीं वाचलेलें पुस्तक बहुधा तिच्याविषयींचें असावें. म्हणजे पुस्तक खोटें नव्हतें, पक्षी निराळा होता.

मोठे पंडितही सांपडले असें वर म्हटलें, त्याची हकीकत अशी. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत एलिझर आल्बिन नांवाच्या इंग्रज चित्रकारानें पक्ष्यांच्या चित्रांचें एक पुस्तक काढलें. त्यांत नीलकंठाचें चित्र ‘बंगालचा जे’ या नांवानें आलें. पुढें सन १७५८ मध्यें स्वीडनच्या लिनियसनें साऱ्या प्राणिसृष्टीस शास्त्रीय नांवें देण्याचें आपलें प्रख्यात काम केलें, तेव्हां नीलकंठास त्यानें ‘कॉर्व्हस बेंगालेन्सिस’ म्हणजे बंगालचा कावळा असें नांव दिलें. त्यानें हा पक्षी जिवंत उडतांना पाहिलेला नव्हता. चित्र व वर्णन यांवरून त्यास हें नांव द्यावें लागलें. मागाहून पंडितांनीं ही चूक सुधारली व नीलकंठास ‘कोरॅसियास’ या निराळ्या गणांत घातलें. शास्त्रांतून तो कावळ्यांच्या यादींतून सुटला, पण बोलण्यांतला ‘जे’ राहिला तो राहिलाच. आपल्या पूर्वजांनीं मात्र या पक्ष्यास कावळा कधीं म्हटलें नाहीं. अमरकोशांत त्यास ‘चाष’ व ‘किकीदिवि’ अशीं स्वतंत्र नांवें आहेत, आणि मराठींतील ‘चास’, ‘तास’ हीं नांवें त्या चाषाचींच रूपें होत. नीलकंठ हें नांव तेवढें थोडें फसवें आहे; कारण त्याचा गळा निळा नसून तपकिरी-जांभळट व त्यावर फिकट रेघा, असा असतो. निळाई आहे ती डोक्यावर, पंखांत व शेपटींत. आणि तीही रंगद्रव्याची नव्हे. पिसांच्या आंतली बांधणीच अशी सूक्ष्म असते कीं, तिजवर पडलेल्या प्रकाशांतून निळा तेवढा परत फिरतो.

आतां कावळ्याचें कुळ तरी कोणकोणाचें? जगांत या कुळाच्या सव्वाशेंच्या वर जाती आहेत. कावळे, हिमालयांतले ‘जे’ व लांब शेपट्यांचे मॅग्पाय हे सर्व त्यांत येतात. आपल्या शिवारांतले म्हणाल तर तिघे. मानेवर राखी पट्टा असलेला गांवकावळा, सर्वांगीं काळा व जाड चोंचीचा डोमकावळा, आणि तिसरा टकाचोर. हा तिसरा कावळ्याचा भाऊ आहे हें पुष्कळांस ठाऊक नसतें. अंग वीटकरी, डोकें काळसर राखी, शेपूट हातभर लांब व टोकास काळें. आमराईंत किंवा डोंगराच्या बाजूच्या दाट झाडींत तो आढळतो. फळें, किडे, सरडे यांबरोबर दुसऱ्या पक्ष्यांचीं अंडीं व पिलेंही तो उचलतो. ‘चोर’ हें त्याच्या नांवांतच आलें आहे, आणि तें त्यास उगाच मिळालेलें नाहीं.

या कुळाचीं लक्षणें शेतकऱ्यास भिंगावांचून पाहतां येतात. पहिलें नाकाचें. कावळ्याच्या चोंचीच्या मुळाशीं पुढें वळलेले राठ केस असतात व त्यांखालीं नाकपुड्या झाकलेल्या असतात. ‘जे’लाही तसेच केस असतात, नीलकंठाच्या नाकपुड्या अशा झाकलेल्या नसतात. दुसरें पायांचें. कावळ्याचे पाय मजबूत. तो खळ्यावर एखाद्या सावकाराप्रमाणें एक एक पाऊल टाकीत चालतो, आणि पायाखालीं भाकरीचा तुकडा दाबून चोंचीनें फोडतो. नीलकंठाचे पाय आंखूड व दुबळे. तो चालत म्हणून नाहीं; तारेवरून जमिनीवर उतरतो, किडा धरतो, व पुन्हां तारेवर जातो. तिसरें घरट्याचें. कावळा झाडाच्या फांद्यांत काटक्यांचें घरटें करतो. हल्लीं त्यांत लोखंडी तारांचे तुकडेही असतात. नीलकंठ घरटें बांधीत नाहीं. वाळलेल्या झाडाची ढोली, पडक्या भिंतींतलें भोंक, असें आयतें बिळ तो शोधतो. चौथें अंड्यांचें, आणि हें मला सर्वांत पटलें. कावळ्याचीं अंडीं निळसर हिरवट व त्यांवर तपकिरी ठिपके. नीलकंठाचीं अगदीं पांढरीं. ढोलीच्या अंधारांत अंडें लपविण्यास रंग लागत नाहीं, म्हणून बिळांत अंडीं घालणाऱ्या पुष्कळ पक्ष्यांचीं अंडीं अशीं पांढरीं असतात. कोकिळा आपलें अंडें कावळ्याच्या घरट्यांत टाकते हें सर्वांस माहीत आहे. नीलकंठाच्या दारीं ती तशी कधीं गेल्याचें कोणी ऐकलें आहे काय?

मग नीलकंठाचे सोयरे कोण? नदीकांठचा खंड्या आणि तारेवर बसून माश्या टिपणारा वेडा राघू. बिळांतलें घर, पांढरीं अंडीं, आंखूड पाय, एका जागीं बसून सावज हेरणें व एकाच झडपेंत तें उचलणें, या गोष्टी तिघांतही सारख्या. गिरणा धरणाच्या कांठीं किंवा शाकंबरीच्या एखाद्या डोहापाशीं खंड्या कसा मासा धरतो तें पाहावें, आणि मग बांधावरच्या नीलकंठाकडे पाहावें. पाण्याऐवजीं जमीन आणि माशाऐवजीं नाकतोडा, एवढाच काय तो फरक.

याहून गमतीची गोष्ट पुढेंच आहे. सन १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील सिब्ली व आल्क्विस्ट या दोघां शास्त्रज्ञांनीं पक्ष्यांच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्य ताडून पाहण्याचें काम मोठ्या प्रमाणावर केलें. त्यांचीं सर्वच अनुमानें पुढें टिकलीं नाहींत. परंतु कावळ्याचा मूळ वंश ऑस्ट्रेलियाच्या बाजूचा, आणि कोतवाल, खाटीक, हळद्या हे त्याच वंशाच्या जवळच्या शाखा, ही गोष्ट नंतरच्या संशोधनानेंही कायम झाली आहे. म्हणजे आपल्या शेतांत जो कोतवाल कावळ्याच्या पाठीवर बसून त्यास शिवाराबाहेर हाकून देतो, तोच त्याचा जवळचा चुलतभाऊ. आणि ज्यास आम्हीं भाऊ ठरविला तो नीलकंठ परगोत्री. भाऊबंदांचें वैर काय असतें हें शेतकऱ्यास सांगावयास नको. असो.

कुळाचा प्रश्न असा सुटला तरी कणसांचा प्रश्न राहतोच. यंदाच्या खरिपांत मका दुधांत आल्यावर मीं पांच-सहा सकाळीं आणि दोन संध्याकाळीं शेताच्या कडेस बसून पाहिलें. कणसें फोडणारे दोन. पोपट थव्यानें येत, पान सोलून दाणे कुरतडीत व निम्मे खालीं टाकीत. कावळे त्यांच्या मागून येऊन उघडीं पडलेलीं कणसें टोंचीत, आणि कांहीं आपणही सोलीत. त्या वेळांत नीलकंठ तारेवर दोनदां दिसला. एकदां त्यानें बांधाच्या गवतांतून नाकतोडा उचलला, तारेवर आपटून आपटून मारला व गिळला. मक्याच्या दाण्याशीं त्याचें कांहींच काम नव्हतें, कारण तो धान्य खातच नाहीं. आठ वेळांचें हें पाहणें म्हणजे फार मोठा पुरावा नव्हे, हें मी जाणतों. पण झाड पाडण्यापूर्वीं एवढेंही कोणी पाहिलें नव्हतें.

पुराव्याचें काम आपल्या देशांत शंभर वर्षांपूर्वीं झालेलें आहे. बिहारांत पुसा येथें सरकारी शेतकी संशोधन संस्था होती; सन १९३४ च्या भूकंपांत तिची फार हानि झाली व ती पुढें दिल्लीस नेण्यांत आली. तेथें मेसन या गृहस्थांनीं पक्ष्यांचीं पोटें चिरून आंत काय निघतें याची नोंद ठेविली. कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांच्या साह्यानें ती सन १९१२ मध्यें ‘हिंदुस्थानांतील पक्ष्यांचें अन्न’ अशा अर्थाच्या नांवानें प्रसिद्ध झाली. पक्षी शेतकऱ्याचा मित्र कीं शत्रु, हें नांवावरून किंवा रंगावरून न ठरवितां पोटावरून ठरवावें, ही रीत त्या कामानें घालून दिली. नीलकंठाच्या पोटांतला ऐवज मुख्यतः नाकतोडे, टोळ, रातकिडे, भुंगेरे व अळ्या असा असतो. एखादी पाल, बेडूक किंवा लहान उंदीरही त्यांत सांपडतो. या किड्यांत कांहीं आपल्या उपयोगाचेही असणार, कारण पक्षी आपल्यासाठीं निवड करीत नाहीं. परंतु खरिपांतल्या उगवत्या पिकाचे शेंडे खाणारे नाकतोडे ज्यानें पाहिले आहेत, तो हा हिशेब कोणत्या बाजूस झुकतो तें जाणतो. ट्रॅक्टर चालूं लागला कीं नीलकंठ त्याच्या मागें येतो, आणि मावळतीनंतरच्या अंधुक उजेडांतही तो शिकार सोडीत नाहीं.

कावळ्याची बाजू मांडल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं, कारण त्याच्यावरही सरसकट चोरीचा आरोप करणें मला पटत नाहीं. तो पेरलेला भुईमूग उकरतो, मका टोंचतो, कोंबडीचीं पिलें उचलतो, बैलाच्या वशिंडावरच्या जखमेस टोंचा मारतो. हें सारें खरें. परंतु नांगराच्या मागें हुमणी वेंचतांना त्यास कोणी पाहिलें नाहीं? उकिरड्यावरचे किडे व मेलेले उंदीर तोच साफ करतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत गांवकावळा उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टांत घातलेला होता. २०२२ च्या दुरुस्तीनें तें परिशिष्टच काढून टाकलें, आणि ती दुरुस्ती एप्रिल २०२३ पासून अमलांत आली. उलट आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, जेथें हा कावळा आपल्याकडून गेला व बेसुमार वाढला, तेथें केनियाच्या सरकारनें २०२४ मध्यें दहा लक्ष कावळे मारण्याचा बेत जाहीर केला. म्हणजे एकच पक्षी एका देशांत पिंडास शिवावा म्हणून लोक तासनतास त्याची वाट पाहतात, आणि दुसऱ्या देशांत तो राजरोस मारला जातो. नस्तनपूरच्या शनिदेवाच्या दर्शनास जाणाऱ्या आमच्या लोकांस तर कावळा हें देवाचें वाहन. मक्याच्या वेळीं मात्र तेच लोक त्याच्यावर गोफण चालवितात. यांत ढोंग आहे असें मला वाटत नाहीं. देव देवाच्या जागीं आणि पीक पिकाच्या जागीं, इतकाच त्याचा अर्थ. गोफण, चमकती फीत व मचाणावर एक माणूस, इतक्यानें कणसें बहुतेक वांचतात. विषाचे दाणे मात्र कोणी टाकूं नयेत. ते पोपट-कावळ्यांपुरते राहत नाहींत. तित्तर व मोरही ते खातात, आणि तो कायद्यानेंही गुन्हा आहे.

ज्या ‘जे’च्या नांवानें हें सारें घडलें त्याच्याविषयीं एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. हा पक्षी साठेबाज आहे. शरद ऋतूंत एकेक ‘जे’ ओक वृक्षाचीं हजारों फळें जमिनींत ठिकठिकाणीं पुरतो व हिवाळाभर काढून खातो. जीं काढलीं जात नाहींत त्यांचीं झाडें होतात. यूरोपांतील ओकांचीं कित्येक रानें या विसरलेल्या साठ्यांतून वाढलीं आहेत, आणि जर्मनींत तर जंगलखात्याचे लोक पाट्यांत ओकफळें भरून मुद्दाम ‘जे’पुढें ठेवतात, म्हणजे पेरणीची मजुरी वांचते. सन १९९८ मध्यें निकोला क्लेटन व अँथनी डिकिन्सन यांनीं ‘जे’च्या एका अमेरिकन जातीवर प्रयोग केला. पक्ष्यांस भुईमुगाचे दाणे व अळ्या असें दोन्ही पुरूं दिलें. चार तासांनीं सोडल्यावर ते प्रथम अळ्यांकडे गेले, कारण अळी त्यांस अधिक आवडते. पांच दिवसांनीं सोडल्यावर मात्र तेच पक्षी अळ्यांची जागा टाळून शेंगदाण्यांकडे गेले. तोंवर अळ्या नासतात हें त्यांस आधीं अनुभवानें कळलें होतें. काय पुरलें, कोठें पुरलें आणि केव्हां पुरलें, हें तिन्ही त्यांच्या ध्यानांत होतें. कांदा चाळींत भरून भावाची वाट पाहणाऱ्या आमच्या तालुक्यास या पक्ष्याचें कौतुक वाटावें. आमच्या कांद्याचा हिशेब इतका चोख क्वचितच जमतो.

नीलकंठ साठा करीत नाहीं. त्याचें रोजचें पोट रोजच्या किड्यांवर. म्हणूनच किडे व ढोल्या या दोहोंवांचून त्याचा निभाव लागत नाहीं. एके काळीं त्याच्यावर पिसांसाठीं संकट होतें. विलायतेंतील स्त्रियांच्या टोप्यांस हीं निळीं पिसें लावण्याची पद्धत पडली व हजारों नीलकंठ त्यापायीं मेले. सन १८८७ च्या कायद्यानें त्याच्या शिकारीस आळा घालण्यांत आला आणि १९०२ मध्यें पिसांची निर्यात सरकारनें बंद केली. आज तेलंगण, कर्नाटक व ओडिशा या तिन्ही राज्यांनीं त्यास राज्यपक्षी मानलें आहे. मान असा मोठा, पण मोजणी निराळें सांगते. देशभरच्या पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ मध्यें हिंदुस्थानांतील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, त्यांत नीलकंठाची संख्या सुमारें बारा वर्षांत तीस टक्क्यांच्या आसपास घटल्याचें दिलें आहे. टोपीच्या पिसांप्रमाणें या घटीचें एकच कारण दाखवितां येणार नाहीं. परंतु माझ्या आठवणींतला आमचा शिवार पाहतों तेव्हां दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. बांध अरुंद झाले व त्यांवरचें गवत तणनाशकानें गेलें; आणि वाळकें झाड उभें ठेवणें हें आळशीपणाचें लक्षण समजलें जाऊं लागलें.

वाळलेलें झाड विहिरीवर, गोठ्यावर किंवा वाटेवर पडण्याचा धोका असेल तर तें काढावें. त्याविषयीं वाद नाहीं. शिवाराच्या कडेस कोणाच्या अध्यांत-मध्यांत नसलेलें एखादें असेल आणि त्यास ढोली असेल, तर तें निदान फाल्गुन ते आषाढ या महिन्यांत पाडूं नये, कारण त्याच सुमारास त्यांत अंडीं-पिलें असतात. हरभऱ्यांत घाटेअळीसाठीं काठ्यांचे पक्षिथांबे उभे करण्याची शिफारस शेतकी खात्याकडून बहुतेकांनीं ऐकलेली आहे. ते उभारतांना आडवी काठी पिकाच्या वर हातभर तरी असावी आणि कांहीं थांबे बांधाच्या कडेस असावेत. कोतवाल व साळुंकी पिकाच्या मध्यावर बसतात. नीलकंठास खालची मोकळी जमीन दिसणारी जागा अधिक मानवते. पीक घाट्यांत भरून दाणे पक्व झाले कीं थांबे काढून घ्यावे, नाहींतर दाणे खाणारीं पांखरेंही त्यांवर बसूं लागतात.

ही सारी माहिती मीं शेजाऱ्यांच्या चिरंजीवांस दाखविली. त्यांनीं ती शांतपणें वाचली, लिनियसचें नांव पाहून थोडे हंसले, आणि म्हणाले, “काका, म्हणजे चूक करण्यांत मी एकटा नव्हतों.” मीं म्हटलें, दोर धरण्यांत मीही होतोंच. गेल्या वैशाखांत आम्हीं दोघांनीं मिळून जुन्या फळ्यांची एक पेटी केली. यूरोपांत नीलकंठाचा जो भाऊ आहे तो अशा पेट्यांत अंडीं घालतो, असें वाचनांत आलें होतें. ती पेटी विहिरीजवळच्या बाभळीवर, जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर, तोंड पूर्वेस करून बसविली. पंधरा दिवसांत तींत साळुंक्यांचें बस्तान बसलें. नीलकंठाची जोडी एकदां येऊन पेटीच्या टपावर बसली होती, पण साळुंक्यांनीं तिला थारा दिला नाहीं. भोंक जरा मोठें करून दुसरी पेटी पलीकडच्या बांधावर टांगण्याचें आमच्या मनांत आहे. तिच्यासाठीं फळ्या त्याच निंबाच्या निघाल्या आहेत.